अण्णांना विचारायचं ठरवलंय

प्रिय दिन्या,

अण्णांना फुप्फुसाचा कॅन्सर निघालाय. फोनवर बोलता आलं नसतं. काकूंच्या वेळी तू आणि मी कसे भांडलो होतो! तू म्हणत होतास, सत्तरी उलटली म्हणून काय झालं, उपचार झालेच पाहिजेत. मी म्हणत होतो, कशाला हाल करायचे. तेच भांडण आता आमच्या घरात चालू आहे. नाना तुझी बाजू घेतो, ताई माझी. मी बरा आहे, शुगर आटोक्यात.

बायोप्सीत ईजीएफआर आणि एएलके या दोन जनुकांतले बदल शोधले, दोन्ही निगेटिव्ह आले, म्हणजे रोजच्या गोळीवर भागणार नाही. इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणारी औषधं, परवडणारी नाही. राहिली केमो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वय 81 आहे एवढ्यावरून मी काहीच ठरवत नाही. त्यांनी अण्णांना खुर्चीतून उठून तीन मीटर चालून परत यायला लावलं, घड्याळ लावून. अण्णा धोतर सावरत उठले, वळताना टेबलाला हात लावला. बाईंनी तेही टिपून घेतलं. मग आंघोळ स्वतः करता का, गोळ्या कोण काढून देतं, वजन किती उतरलं, कधी पडलात का. तीन शब्द लक्षात ठेवायला दिले, तर अण्णांनी तिन्ही सांगितले आणि वर तू बुद्धिबळात त्यांचा उंट लपवला होतास तेही सांगितलं!

आता खरी पंचाईत ऐक. 70 ते 89 वयाच्या रुग्णांवर फ्रान्समध्ये एक अभ्यास झाला होता, 2011 साली छापून आला. एका औषधावर निम्मे रुग्ण सहा महिन्यांच्या थोडं पुढे गेले, कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल जोडीनं दिल्यावर दहा महिन्यांच्या पुढे. नाना त्या चार महिन्यांना धरून बसलाय. पण जोडीच्या औषधांनी पांढऱ्या पेशी जास्त कोसळल्या, आणि उपचारांमुळेच दगावलेलेही जास्त, शंभरात चारेक. टेबलाचा आधार घेणाऱ्या माणसाला ते चार महिने कसे जातील? रात्र रात्र हाच विचार चालतो रे. बाई म्हणतात, आधी डोस कमी ठेवून बघू, नाही झेपलं तर थांबू. केमो घ्या न घ्या, धाप आणि दुखण्यावरचे उपचार आजपासूनच सुरू. धाप कमी व्हायला मॉर्फिन अगदी थोडं देतात, हे मला ठाऊक नव्हतं.

आणि हे सगळं आम्ही अण्णांना सोडून ठरवतोय! नानानं त्यांना 'छातीत पाणी झालंय' एवढंच सांगितलंय. उभा जन्म मास्तरकी केलेला माणूस, फाइलीवरचं 'ऑन्कॉलॉजी', म्हणजे कॅन्सर विभाग, हे चष्मा लावून केव्हाच वाचून झालंय त्यांचं. परवा मला म्हणाले, "नानाला सांग, मी घाबरलेलो नाही." दिन्या, शरीर त्यांचं आहे. त्यांना नीट सगळं सांगून विचारायचं, असं मी ठरवलंय. नाना चिडेल, चिडू दे.

त्या वेळी तू शेजारी हवास. तुझ्यापुढे ते मोकळं बोलतात, माझ्यापुढे बाप होऊन बसतात.

चिनूला नोकरी लागल्याचं ताईकडून कळलं, फार आनंद झाला. वहिनींना नमस्कार. शनिवारी ये, आणि एसटीनंच ये. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन महिनाही झाला नाही, गाडी चालवू नकोस.

तुझा,
बाळ्या