गच्चीच्या जिन्यातल्या गोड वासाबद्दल तिसरं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापन समिती

विषय : बी विंगच्या जिन्यात शाळकरी मुलांचं व्हेपिंग (ई-सिगारेट ओढणं)

महोदय,

आधीच्या दोन्ही पत्रांची पोच माझ्याकडे आहे. पहिल्या पत्रात 'जिन्यात टरबुजासारखा वास येतो' असं लिहिलं, तर समितीने पेस्ट कंट्रोलवाला पाठवला. दुसऱ्या पत्रासोबत जिन्यात सापडलेली वस्तू पाकिटात घालून दिली. सचिवांनी ती पेन ड्राइव्ह समजून ऑफिसच्या कॉम्प्युटरला लावून पाहिली. त्यांचा दोष नाही, ती दिसतेच तशी. म्हणूनच आईवडिलांच्या डोळ्यांदेखत कंपासपेटीत महिनोन्‌महिने राहू शकते.

मी कुणाचं नाव घेणार नाही. 402 मधल्या मुलाशी माझं वैर नाही. त्यांचा पॅसेजमधला शूरॅक, आडवी लावलेली स्कूटर, दोन पावसाळे चाललेली बाथरूमची गळती हे विषय इथे मुद्दाम आणत नाही. मुलाच्या वडिलांना मी शांतपणे सांगितलं. ते हसून म्हणाले, "अहो, नुसती वाफ आहे ती."

वाफ नाही. तापवलेल्या द्रवाचे बारीक कण असतात ते आणि बहुतेकांत निकोटिन असतं. मेंदूची वाढ पंचविशीपर्यंत चालू असते, त्यामुळे या वयात सवय लवकर जडते. पूर्वी पहिल्याच झुरक्याला ठसका लागून पोरगं पकडलं जायचं. आता या द्रवातलं निकोटिन सॉल्ट, म्हणजे आम्ल मिसळून सौम्य केलेलं निकोटिन, घशाला फारसं झोंबत नाही, वर फळांचा स्वाद. ठसका नाही, तोंडाला तंबाखूचा वास नाही, घरी कळणार कसं?

2019 च्या कायद्याने ई-सिगारेटची विक्री, आयात, साठवण, जाहिरात, सगळं बंद आहे. सामाईक जागेत उपद्रव नको, हे उपविधींतही आहे. त्याच उपविधींतलं थकबाकीवरच्या व्याजाचं कलम समितीने मला तत्परतेने दाखवलं होतं.

समितीने केलं काय? 'गच्चीत धूम्रपान करू नये' अशी पाटी लावली. मुलं म्हणतात, आम्ही धूर काढतच नाही. मग सचिवांनी मुलांचा फोटो ग्रुपवर टाकला आणि चारचौघांत शोभा झालेली मुलं जिन्यातून पंपरूममागे गेली. त्यांच्याशी दोन शब्द कुणी बोललं नाही. कधी सुरू केलं, कुणी दिलं, सोडायचंय का, एवढं तरी विचारायचं.

बी विंगमधले सगळे माझ्याशी सहमत आहेत. सह्या करायला मात्र कुणाला वेळ मिळालेला नाही.

माझं मागणं थोडकं आहे. गच्चीची किल्ली वॉचमनकडे राहावी. पालकांसाठी एखाद्या डॉक्टरांना बोलवावं, मुलांची नावं न घेता. आणि मीटिंग संपल्यावर पंपरूममागे सिगारेट ओढणाऱ्या दोन सन्माननीय सदस्यांनी दुसरी जागा शोधावी. मुलांना ती जागा आपोआप सापडलेली नाही.

आपला,
एक सभासद, सदनिका क्र. 403

ता. क. पाकिटातली ती वस्तू ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये नाही असं कळलं. ती कुणाला परत दिली, याचा लेखी खुलासा व्हावा.