जव्हारच्या खोलीला चार भावंडं हवीत : एक आवाहन

सप्रेम नमस्कार.

हे पत्र फेब्रुवारीतच जायला हवं होतं. मार्चअखेर आणि वार्षिक परीक्षा यांत राहून गेलं, म्हणून थोडक्यात लिहितो. शिक्षकांनी शिक्षकांसाठी चालवलेलं आपलं जव्हारचं केंद्र आता मोखाडा, खोडाळा, विक्रमगड आणि वाडा इथेही सुरू करायचं आहे. त्यासाठी पैसे हवेत.

जुन्या मंडळींना सगळं ठाऊक आहेच, तरी बाईंचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. निवृत्त झाल्यावर बाईंनी स्वतःच्या घराची पुढची खोली दिली, वर पहिल्या वर्षीचा चहाही दिला. मोखाड्याच्या शेठजींनी दोन लोखंडी कपाटं टेम्पोतून पाठवली आणि नाव घालू नका म्हणून बजावलं. (म्हणून इथेही घालत नाही, शेठजी!) दादरच्या डॉक्टरकाकांनी सलग सहा वर्षं न सांगता चेक पाठवला. गेल्या दिवाळीत काका गेले. त्यांच्या लेकीने त्याच महिन्यात, त्याच रकमेचा चेक पाठवला, तेव्हा खजिनदार बराच वेळ काही बोलले नाहीत.

त्या खोलीत होतं काय, असं नवे लोक विचारतात. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शाळा सुटल्यावर वीस-पंचवीस शिक्षक जमतात आणि अडलेलं सांगतात. एका गुरुजींच्या दुसरीतल्या मुलांना हातच्याची वजाबाकी काही केल्या जमेना. पाड्यावरच्या एका तरुण बाईंनी काड्यांचे गठ्ठे काढले. ३२ मधून १७ काढायचे, तर सुटे दोनच. मग एक गठ्ठा सोडायचा, सुटे झाले बारा. "हातचा म्हणू नका, गठ्ठा सोडला म्हणा." गुरुजींची नोकरी बावीस वर्षांची, बाईंची दोन. गुरुजींनी वही काढून लिहून घेतलं. आमच्या मते प्रशिक्षण याला म्हणतात. आमच्या मुलांच्या घरी वारली, कातकरी, ठाकरी, कोकणा बोलतात आणि पुस्तक प्रमाण मराठीत. त्यासाठी शिक्षकांनीच जमवलेली शब्दांची वही आज चौथ्या भागावर आली आहे.

याच (आजच्या पालघर) जिल्ह्यात १९४५ साली बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मध्य प्रदेशात १९७२ मध्ये सुरू झालेल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात शिक्षकांच्या मासिक गोष्ठी, म्हणजे बैठका, भरत. म्हणजे आम्ही नवीन काही शोधलेलं नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं म्हटलं आहे. तास मोबाइलवर व्हिडिओ पाहूनही भरतात. खोडाळ्याच्या वरच्या पाड्यांत मात्र रेंजसाठी टेकडी चढावी लागते. सरकारी केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद होते, पण तिचा निम्मा वेळ माहितीचे तक्ते भरण्यात जातो, हे केंद्रप्रमुखसुद्धा खासगीत मान्य करतात. आणि खोडाळ्याच्या शिक्षकाने जव्हारला यायचं तर परतीची एसटी चुकते. म्हणून आपली केंद्रं जवळ हवीत. पाचही ठिकाणी एकच पुस्तकपेटी फिरेल, आणि दर तिमाहीला एका केंद्राचे शिक्षक दुसऱ्या केंद्रात जाऊन पाठ घेतील.

आता थोडं मनातलं. गेल्या वर्षी तीनशे पत्रं पाठवली, उत्तरं आली अकरा. एका मोठ्या कंपनीचे लोक येऊन, पाहून, जेवून गेले आणि म्हणाले, "मुलांना दप्तरं द्यायची असतील तर सांगा." दप्तरं वाईट नाहीत. पण दप्तर वाटताना फोटो निघतो, गठ्ठा सोडायला शिकलेल्या गुरुजींचा काय फोटो काढणार? मास्तरांना पगार आहे की, त्यांना कशाला मदत, असंही ऐकलं. तो पगार घेणाऱ्यांनीच सात वर्षं खोलीचं वीजबिल भरलं आहे, एवढंच सांगतो.

तपशील : एका केंद्राचा खर्च १,४०,००० रु. (डागडुजी, कपाट, चटया, सौर दिवे, पुस्तकं, गणित साहित्य), चारांचे ५,६०,०००. जमा १,८५,०००, कमी ३,७५,०००. जागा चारही ठिकाणी बिनभाड्याच्या मिळाल्या आहेत, विक्रमगडची गळते. रक्कम मंडळाच्या नेहमीच्या खात्यातच भरावी, भरल्यावर खजिनदारांना कळवावं, पावती आठवड्यात मिळेल. रोख फक्त खोली देणाऱ्या बाईंकडे, रविवारी. मुदत ३१ मे, कारण जूनमध्ये पाऊस लागला की पत्रे चढवता येत नाहीत. पैसे जमत नसतील तर श्रमदानाला या; मे महिन्याचे शेवटचे दोन रविवार विक्रमगडला, सुतारकाम येणाऱ्यांनी आधी कळवावं.

आपला,
सचिव

ता. क. : जुन्या दिवाळी अंकांचे गठ्ठे कृपया पाठवू नयेत. मागच्या वेळचे अजून कपाटावर आहेत.