सगळ्या फोल्डरवर एकच स्क्रिप्ट फिरवू नका

संपादक महोदय,

जुन्या प्रोजेक्टमधली अक्षरं बिघडली असतील तर फाइल्स यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये (म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या पद्धतीत) बदलणारी छोटी स्क्रिप्ट लिहा, सगळ्या फोल्डरवर फिरवा, झालं काम, असं हल्ली कुणीही सांगतं. पण त्याच फोल्डरमध्ये काही फाइल्स आधीच यूटीएफ-८ असतात, काही विंडोज-१२५२, एखादी यूटीएफ-१६, आणि साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ‘मी अमुक एन्कोडिंगची’ असं बहुतेक वेळा कुठंच लिहिलेलं नसतं. सरसकट १२५२ धरलं की धड होत्या त्याच फाइल्स बिघडतात.

‘मराठी’ हा शब्द घ्या, म, र, काना, ठ, वेलांटी, प्रत्येकाला यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट, म्हणजे १५. ते १२५२ समजून वाचले (त्यात एक बाइट म्हणजे एक चिन्ह) की १५ भलतीच चिन्हं, आणि ती यूटीएफ-८ मध्ये लिहून झाल्यावर स्क्रिप्ट चुकून परत चालली की ३१. एवढ्यापर्यंत उलट्या क्रमाने मागे येता येतं. खरी गोची पुढेच आहे, १२५२ मध्ये ५ बाइटना चिन्हच नेमलेलं नाही आणि आपला हलन्त, पहिला उकार, ‘झ’, ‘ए’ यांचा शेवटचा बाइट नेमका त्यातलाच निघतो. स्क्रिप्टमध्ये एररला ‘इग्नोर’ लिहिलेलं असेल (कॉपी-पेस्ट कोडमध्ये हमखास असतं) तर तो बाइट गुपचूप गळतो, मग तिथे हलन्त होता का उकार हे फाइल बघून कुणालाच सांगता येणार नाही.

म्हणून आधी काहीही न बदलता नुसती तपासणारी स्क्रिप्ट चालवा. फाइलच्या सुरुवातीला बॉम (एन्कोडिंग सांगणारी बाइटची खूण) आहे का बघा, मग फाइल स्ट्रिक्ट यूटीएफ-८ म्हणून वाचा (एकही बाइट चुकला की एरर), पास झाली तर फाइलला हातच लावू नका (आधीच दुहेरी बिघडलेली फाइलपण पास होते, ती डोळ्यांनीच बघावी लागते). नापास झालेल्यांवरच १२५२ वगैरे. लॅटिन-१ वर (१२५२ सारखंच एका बाइटचं एन्कोडिंग) भरवसा ठेवू नका, त्यात २५६ च्या २५६ बाइट चालतात त्यामुळे ते कधी एररच देत नाही. आणि कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर असेल तर यातलं काहीच लागू नाही, तिथे साठवलेली अक्षरं रोमनच असतात, पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी येते, त्याला त्या फॉन्टचा वेगळा तक्ता लागतो.

रूपांतराचा कमिट (व्हर्जन कंट्रोलमधली बदलांची नोंद) वेगळा ठेवा, त्यात दुसरा एकही बदल घुसडू नका, आणि मूळ फाइल्स निदान सगळं उघडून बघेपर्यंत तरी डिलीट करू नका.

आपला,
एक वाचक