बाबांचं वाक्य पुरं होऊ दिलंत

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार. तुमच्या ओपीडीत रोज शंभरेक माणसं येत असतील, त्यामुळे आम्ही आठवणार नाही. ब्रेन हॅमरेज झालेले, उजवी बाजू गेलेले, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, ते माझे बाबा.

आधीच्या हॉस्पिटलात आम्ही बावीस दिवस काढले. जीव वाचवला त्यांनी, ते नाकारत नाही. पण बाबांच्या उशाशी उभं राहून बाबांबद्दल बोलणारे तिथे सगळेच होते, बाबांशी बोलणारं कोणी नव्हतं. एकाने जुन्या गोळ्या सरसकट बंद केल्या. कोलेस्टेरॉलचीही केली, ‘रक्त पातळ होतं’ म्हणून. दुसरा म्हणाला चालू ठेवा. मी विचारलं, दोघांपैकी कोणाचं खरं? तर म्हणे, ‘तुम्ही गूगल कमी वाचा.’ २०१७ साली बाबांना स्टेंट बसली, तेव्हा ‘ही गोळी आयुष्यात सोडू नका’ असं बजावणारेही डॉक्टरच होते!

तुमच्याकडे फाईल घेऊन मी उभ्या उभ्याच सुरू झालो. तुम्ही फाईल बाजूला ठेवलीत, खुर्ची ओढून बाबांसमोर बसलात आणि विचारलंत, ‘काका, तुम्हाला काय विचारायचंय?’

बाबांना शब्द सापडत नाहीत. ‘गो...’ म्हणाले आणि अडकले. सवयीने मी पुढचं बोलायला गेलो. माझ्याकडे न बघताच तुम्ही हात वर करून मला थांबवलंत. बाहेर नंबरावरून भांडण चाललं होतं, नर्स दोनदा डोकावून गेली. तुम्ही नुसत्या बसून राहिलात. बऱ्याच वेळाने बाबा म्हणाले, ‘गोळी... का... बंद?’

महिन्याभरातला त्यांचा तो पहिला प्रश्न होता. आणि उत्तर तुम्ही त्यांना दिलंत, मला नाही.

कोलेस्टेरॉलची ही गोळी म्हणजे रक्त पातळ करायची गोळी नव्हे, ती वेगळी, आणि ती बंद केली ते बरोबरच, असं सांगितलंत. मग २००६ सालची एक चाचणी सांगितलीत: स्ट्रोक होऊन गेलेल्यांना ८० मिलिग्रॅम अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन (कोलेस्टेरॉलचीच गोळी) दिलं, एकूण स्ट्रोक घटले, पण मेंदूत रक्तस्राव झालेले ५५ निघाले, औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत ३३. भीती आली ती तिथून. उलट २०१४ साली कॅलिफोर्नियातल्या नोंदींत दिसलं, की रक्तस्रावानंतर हॉस्पिटलात ज्यांची गोळी चालू राहिली ते जास्त वाचले आणि जास्त सावरले. मी लगेच खूश झालो, तर म्हणालात, ‘थांबा. ज्याला गिळता येतं त्यालाच गोळी मिळते, आणि ज्याला गिळता येतं तो मुळात बरा असतो.’ शीर फुगून फुटते त्या प्रकारच्या रक्तस्रावात सिम्व्हास्टॅटिन, त्याच जातीची दुसरी गोळी, मुद्दाम देऊन पाहिलं, ८०३ रुग्णांवर, फायदा दिसला नाही, हेही लपवलं नाहीत. पुढे म्हणालात, ‘काका, या गोळीने हात सुधारेल असं मी म्हणणार नाही. पण तुमचा रक्तस्राव खोल जागी, बीपीमुळे झालाय. बीपी ताब्यात राहिलं तर स्टेंटसाठी ही गोळी चालू ठेवावी असं माझं मत आहे. मेंदूच्या पृष्ठभागाजवळ झाला असता तर मीही कचरले असते.’

मॅडम, ‘माझं मत आहे’ हे शब्द मी डॉक्टरच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले. छातीठोकपणे उलटसुलट सांगणाऱ्या दोघांपेक्षा त्यांनीच मला जास्त धीर आला. बाबांनी मान हलवली. घरी येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते, पण चेहरा जुना होता, ड्युटीवरचा.

बाबांच्या गाडीत म्हातारी बाई नीट बसल्याशिवाय डबल बेल पडत नसे. ड्रायव्हर वैतागायचा, मागचे ओरडायचे. लहानपणी मलाही त्याची लाज वाटायची. तुमचा तो वर केलेला हात बघितला आणि ते सगळं आठवलं. अशी माणसं कुठल्या कुठल्या खात्यांत विखुरलेली असतात, कोण जाणे.

रात्रीची गोळी आता बाबा स्वतः डाव्या हाताने पाकिटातून काढतात. एखादी खाली पडते. आम्ही उचलत नाही, तेच शोधतात. बीपीची वही सोबत आणतोच आहोत पुढच्या वेळी.

खालची वाकडी सही त्यांची आहे. नाव पुरं लिहायला वेळ लागला, म्हणून पत्र दोन दिवस उशिरा टाकतोय.

आपला कृतज्ञ,
काकांचा मुलगा