साहेब, वसतिगृह मंजूर झालं तेव्हा मुलं फडात होती

फेब्रुवारी २०२५

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी तथा प्रशासक,
जिल्हा परिषद

विषय : हंगामी वसतिगृहाची जानेवारीत आलेली मंजुरी

महोदय, सादर नमस्कार.

आमच्या गावच्या शाळेला ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या पोरांसाठी हंगामी वसतिगृह मंजूर झाल्याचं पत्र मिळालं, त्याबद्दल आभार. पत्र जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आलं. आमची माणसं ऊस तोडायला जाण्यासाठी २१ नोव्हेंबरला पहाटेच गाडीत बसली होती. आदल्या दिवशी विधानसभेचं मतदान होतं. त्यासाठी त्यांना थांबवायला सगळ्या पक्षांचे लोक वस्तीवर येऊन गेले, हात जोडून गेले. बोटावरची शाई वाळली आणि त्याच हातात कोयता आला. पोरांना थांबवायला मात्र कोणी आलं नाही.

मी शाळा व्यवस्थापन समितीची सदस्य आहे. मागच्या हिवाळ्यात ग्रामसभेत आपल्या कार्यालयातल्या अधिकाऱ्यांनी सगळ्यांसमोर शब्द दिला होता, की पुढच्या वेळी दसऱ्याच्या आत पोरांची जेवणाची सोय सुरू होईल. त्या शब्दावर आम्ही ऑगस्टमध्ये घरोघर फिरून यादी केली. कोणाची जोडी जाणार, मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, कोणी घेतली, कोणाची आजी घरी राहणार. ४७ मुलं निघाली. प्रस्ताव केंद्रप्रमुखांकडे गेला, तिथून गटशिक्षण कार्यालयात, तिथून आपल्याकडे, आणि दोनदा परत आला. एकदा हमीपत्र ठरलेल्या नमुन्यात नव्हतं. दुसऱ्यांदा एका आजीचं आधारवरचं नाव रेशनकार्डाशी जुळेना. एका म्हातारीच्या नावातल्या एका अक्षरासाठी ४७ ताटं थांबली.

वाचणाऱ्यांना वाटेल, वसतिगृह म्हणजे मोठी इमारत, खाटा, पंखे. तसं काही नसतं. मूल रात्री आजीजवळच झोपतं, सकाळ-संध्याकाळ शाळेत जेवतं, दुपारी पोषण आहार असतोच. दोन वेळचं अन्न आणि लक्ष ठेवायला एक माणूस, एवढंच. पण तेवढं मिळालं नाही तर आईबाप पोर कोणाच्या भरवशावर ठेवतील? आजीला स्वतःची भाकरी थापवत नाही.

त्या ४७ मध्ये माझ्या भावाची दोन मुलं होती. भाची सहावीत आहे, भाचा दुसरीत. तिनं दप्तर माझ्याकडे ठेवलं आणि म्हणाली, "आत्या, वसतिगृह सुरू झालं की फोन कर, मी येते." एकटी कशी येणार होती, ते तिलाही ठाऊक नव्हतं. आता ती तिकडे पहाटे चारला उठते. आईबाप फडात गेले की कोपीत, म्हणजे झोपडीत, धाकट्याला सांभाळते, पाणी आणते, भाकरी करते, दुपारनंतर मोळ्यांचं वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करायला जाते. गेल्या आठवड्यात तिला फोन केला तेव्हा तिनं विचारलं, गणिताचा कितवा धडा चालू आहे. मी खोटं सांगितलं की तू गेलीस तिथंच अजून आहे.

मला हे ऐकून माहीत नाही, साहेब, मी जगले आहे. नवव्या वर्षी मी पहिल्यांदा फडावर गेले. पाचवीची परीक्षा बुडाली, मग शाळाच बुडाली. उसाच्या वाळल्या पाल्यानं, पाचटानं, कापलेल्या हातांच्या खुणा अजून आहेत. पंधराव्या वर्षी लग्न लावून दिलं, कारण नवराबायकोची जोडी झाली तरच एक कोयता मोजतात आणि उचल मिळते. लेक मोठी होते ती कोयता पुरा करायला. पुढं १७ नंबरचा फॉर्म भरून, बाहेरून बसून, दहावी झाले, तेव्हा माझा मुलगा चौथीत होता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. आमच्या वस्तीवर मी बोटांवर मोजलं तर निम्म्याहून जास्त भरतात. तुम्ही मुलींना बालविवाहाविरुद्ध शपथ देता. तिला सहा महिने जेवू घाला, शपथेची गरज पडणार नाही.

आणि हे तुमचे उपकार नव्हेत. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. त्याच्या कलम ९ मध्ये स्थानिक प्राधिकरणाची, म्हणजे जिल्हा परिषदेची, कर्तव्यं लिहिली आहेत. चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाची नोंद ठेवायची. स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांना दाखल करून घ्यायचं. दुर्बल घटकातल्या मुलाला भेदभाव सोसावा लागू नये हे बघायचं. मग माझ्या भाचीची नोंद आज कुठं आहे? मी सांगते. संचमान्यतेसाठी, म्हणजे शाळेला किती शिक्षक ते ठरवायला, पट धरतात ३० सप्टेंबरचा. त्या दिवशी ती बाकावर होती, म्हणून कागदावर ती शाळाबाह्य नाही. जिथं ऊस तोडला जातो तिथल्या शाळेतही तिचं नाव नाही. इथं आहे पण नाही, तिथं नाही आणि नाहीच. अशानं गावातल्या शाळेचे वर्ग रिकामे होतात, आणि मग पट कमी म्हणून त्याच शाळेवर समूह शाळेची, म्हणजे लहान शाळा मोठीत मिसळण्याची, टांगती तलवार. राज्यात वीस किंवा त्याहून कमी पटाच्या चौदा हजारांवर शाळा आहेत असं २०२३ मध्ये सरकारनंच मोजलं होतं. पट का गळाला हेही मोजलं असतं तर बरं झालं असतं.

पैसा नाही म्हणू नका. जिल्हा परिषदेनं स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर आणि २० टक्के समाजकल्याणावर खर्चायचे असतात. त्यातून शिलाई मशीन येतात, पिठाच्या गिरण्या येतात, मार्चअखेर जवळ आला की मुलींना सायकली येतात. माझ्या शेजारच्या मुलीची सायकल आली तेव्हा ती फडात होती. सायकल वाईट नाही, पण भुकेल्या पोरीला आधी ताट लागतं. साखर कारखान्यांकडून टनामागं दहा रुपये आणि तेवढेच सरकारकडून ऊसतोड कामगार महामंडळाला द्यायचं ठरलं. वर्षाला दहा कोटी टन गाळप धरलं, तर माझ्या ढोबळ हिशोबानं दोनशे कोटी होतात. २०२१ मध्ये ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची घोषणाही झाली. त्यातला रुपया आमच्या वस्तीवर कोणत्या रस्त्यानं येणार होता, तेवढं सांगा.

आता वरून नवं दुखणं. २८ जानेवारीच्या शासन निर्णयानं पोषण आहारातल्या अंड्याचा पैसा बंद झाला. लोकसहभागातून द्या म्हणतात. आमच्याकडे लोक कुठं आहेत? सहभाग द्यायला गावात म्हातारी माणसं आणि कुत्री उरली आहेत. ज्या शाळेच्या गावात पैसेवाले आहेत तिथं अंडं मिळेल, आमच्याकडे नाही. एकाच सरकारच्या दोन शाळांत दोन ताटं झाली, आणि तुमच्या फायलींवर शब्द असतो 'समान संधी'. यंदा 'एक राज्य एक गणवेश' होता, गणवेश सरकारच देणार होतं, तो आमच्या पोरांना पहिलं सत्र संपेपर्यंत मिळाला नाही. डिसेंबरमध्ये गणवेशाचा अधिकार परत शाळा व्यवस्थापन समित्यांना दिला. मग आधी काढून कशाला घेतला होता?

विचारायचं तरी कोणाला? मार्च २०२२ मध्ये जिल्हा परिषदांच्या मुदती संपल्या, तेव्हापासून तुम्हीच अधिकारी आणि तुम्हीच सभागृह. पूर्वी आमच्या गटाच्या सदस्याला रस्त्यात अडवता यायचं. तो सर्वसाधारण सभेत उठून ओरडायचा, चुकीचं का होईना. आता प्रस्ताव मांडणारी खुर्ची आणि मंजूर करणारी खुर्ची एकच आहे. तीन वर्षं होत आली. निवडणूक घ्यायला कोणाचे हात बांधले आहेत मला कळत नाही, पण गरिबाच्या पोरासाठी भांडणारं माणूस त्या सभागृहात नाही, हे कळतं.

माझं मागणं फार मोठं नाही. यादी ऑगस्टमध्ये मागवा, मंजुरी सप्टेंबरअखेर द्या, त्रुटी असेल तर शिजवणं चालू ठेवून दुरुस्त करून घ्या. दुसरीकडे कुठं बोगस मुलं दाखवून पैसे खाल्ले असतील तर खाणाऱ्याला धरा, आमच्या पोरांची भाकरी अडवू नका.

शेवटचं. मंजुरीच्या पत्रासोबत हजेरीचा नमुना आला आहे. त्यावर ऑगस्टच्या यादीतली ४७ नावं छापून आली आहेत. निधी मार्चच्या आत खर्ची पडला पाहिजे, तुम्ही सह्या करून द्या, बाकीचं बघून घेऊ, असं मला सांगण्यात आलं. त्यातली ३९ मुलं आज गावात नाहीत. नवव्या क्रमांकावर माझी भाची आहे, दहाव्यावर भाचा. जी आठ आहेत त्यांचं जेवण उद्या सुरू करा, मी स्वतः भाकरी थापायला येईन. पण ३९ नावांपुढं 'उपस्थित' लिहिलेल्या कागदावर माझी सही होणार नाही.

आपली,
शाळा व्यवस्थापन समितीची एक सदस्य
फेब्रुवारी २०२५