ऑपरेटर काका, 'ऐक बे' म्हणालात त्याबद्दल

आदरणीय ऑपरेटर काका,

सा. न. वि. वि.

नाव लिहू नको म्हणालात, म्हणून टॉकीजात पिक्चरचं मशीन चालवायचात तेव्हापासून अख्खी गल्ली ज्या नावानं हाक मारते तेच वर लिहिलंय. समोर बसून आभार मानायला लागलो की तुम्ही चहा टाकायला उठता आणि विषय तिथंच राहतो. म्हणून हे उघडं पत्र.

२९ एप्रिल २०१६ ला 'सैराट' लागला. जेऊरच्या नागराज मंजुळेंचा पिक्चर, करमाळ्याकडचं शिवार, आपल्या सोलापूर जिल्ह्याची बोली. पहिल्या आठवड्यातच आम्ही मित्र तीनदा गेलो, 'झिंगाट'ला पडद्यापुढं नाचलो. आणि मग तो शेवट. लेकरू रडत बाहेर निघतं आणि आवाजच नाही. पहिल्या दिवशी मला साउंड गेला असं वाटलं, मागं वळून केबिनच्या झरोक्याकडं बघितलं. रात्री कट्ट्यावर तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "गेला नाही, नागराजनं काढून घेतलाय. उद्या घरी ये."

दुसऱ्या दिवशी तुम्ही 'कुंकू' लावला. १९३७ चा, काळापांढरा. दहा मिनिटांत मी मोबाइल काढला, तेवढ्यात तुम्ही गुडघ्यावर थाप मारलीत. "ऐक बे. बघू नको, ऐक." मग लक्षात आलं की गाणी सोडली तर मागं वाद्यंच वाजत नाहीत. घरातले, रस्त्यावरचे आवाज, बस्स. म्हाताऱ्या नवऱ्याला नवरा मानायला तयार नसलेली शांता आपटेंची नीरा त्या घरात किती एकटी आहे, हे मला कुठल्या सारंगीनं सांगितलं नाही. दिग्दर्शक व्ही. शांतारामबापूंनी १९३७ मध्ये जे केलं, त्याच्याशी 'सैराट'चा शेवट तुम्ही एका संध्याकाळी जोडून दिलात.

हे तुम्हाला कुठून कळलं ते नंतर उमगलं. तुम्ही आयुष्यभर पिक्चर दाखवले, पण सलग बसून बघितले नाहीत. मशीनच्या दिव्यातल्या कार्बनच्या कांड्या जळत आल्या की पुढं सरकवायच्या, वीसेक मिनिटांनी पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात ठिपका दिसला की दुसरं मशीन चालू करायचं, संपलेलं रीळ उलटं गुंडाळायचं. मशीनच्या खडखडाटात केबिनमधल्या छोट्या स्पीकरला कान लावून तुम्ही पिक्चर ऐकलेत. सगळी मोठी माणसं जुनं ते सोनं म्हणतात. तुम्ही तसं कधीच म्हणाला नाहीत, म्हणून मी तुमच्याजवळ बसलो.

त्यानंतर किती रविवार गेले! 'संत तुकाराम'मध्ये पांडुरंगावर वहाण उगारणारी गौरीबाईंची जिजाई मला आज तुकोबांइतकीच मोठी वाटते. 'शेजारी' बघून तुम्ही बराच वेळ बोलला नव्हता. 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' मात्र तुम्ही आधी दाखवला नाहीत, आधी भैय्या चौकातल्या स्मारकात नेलंत. ३२ व्या वर्षी चीनमध्ये वारलेला आपल्या गावचा डॉक्टर पोरगा, त्याचं घर आधी बघ, मग पडद्यावरचे शांताराम बघ, म्हणालात. ते बरोबर होतं.

एका बाबतीत आपलं जुळत नाही आणि जुळायचंही नाही. 'पिंजरा' तुमचा जीव की प्राण. श्रीराम लागूंचं काम थोर आहेच, गाणी मलाही तोंडपाठ आहेत. पण त्यात जो उपदेश आहे तो मला नको असतो. मला 'फँड्री'तला जब्या हवा. तो काही समजावून सांगत नाही, सरळ आपल्याकडं दगड भिरकावतो. तुम्ही त्यावर एवढंच म्हणालात, "लागला का दगड? मग झालं."

काका, आधी मी पिक्चरला गाण्यासाठी आणि मारामारीसाठी जायचो. अजूनही जातो, शहराच्या तेलुगू बोलणाऱ्या पूर्व भागातल्या मित्रांबरोबर तेलुगू पिक्चरचा पहिला शो चुकवत नाही. पण आता पडद्यावर कुणी गप्प झालं की मी पण गप्प होतो. वडील गेले त्या वर्षी घरात कुणी फारसं बोलत नव्हतं. तेव्हा त्या शांततेत न घाबरता बसता आलं ते तुमच्यामुळं. हे तुम्हाला मी कधी सांगितलं नव्हतं.

येत्या रविवारी येतोय. शेंगाची चटणी आई देणारच आहे. या खेपेला 'कोर्ट' आणतो, चैतन्य ताम्हाणेंचा. कॅमेरा जागचा हलत नाही म्हणून दोनदा तुम्ही अर्ध्यातून उठलात. या वेळी चहा मी टाकतो, तुम्ही बसा.

काकूंना नमस्कार.

तुमचा,
समोरच्या वाड्यातला