नाव काढू नकोस

गंगाखेड,
१२ जानेवारी

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

तुमच्या मालिकेचा जो भाग तुला करायचाय त्याबद्दल परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, हा भाग नवा नाहीच. जुन्या भागांतले तुकडे जोडायचेत. शिळ्या कढीला ऊत. मी सांगून ठेवलंय, याला माझं नाव देऊ नका." मी बसस्टँडवर होतो, गाडी लागली होती, हो हो म्हणून फोन ठेवला. रात्री मात्र झोप लागेना. फोनवर मला नीट बोलता येत नाही हे तुला माहीत आहे, म्हणून लिहितोय.

दिवाळीत तू लॅपटॉपवर 'द सिम्पसन्स' या अमेरिकन कार्टून मालिकेचा एक भाग दाखवला होतास, १ एप्रिल १९९३चा. त्यांचं इंग्रजी मला भराभर कळत नाही, तू थांबवून थांबवून सांगत होतीस. एप्रिल फूल करायचं म्हणून बार्ट हा पोरगा बापाच्या, होमरच्या, बिअरचा डबा रंग घुसळायच्या यंत्रात घालून हलवतो. होमर डबा उघडतो आणि मोठा स्फोट होतो. दवाखान्यात गेल्यावर तिथलं खाऊचं यंत्र त्याच्या अंगावर पडतं आणि तो बेशुद्ध होतो. मग घरचे त्याच्या खाटेपाशी बसून आठवणी काढतात, आणि आठवण निघाली की जुन्या भागातला तुकडा लागतो.

असे भाग का करतात तेही तूच समजावलंस. त्या चौथ्या पर्वाचे भाग लिहून लिहून लेखक मंडळी पार थकली होती. एकेक भागाची चित्रं काढायला महिनोन् महिने लागायचे आणि वाहिनीला तर भाग जास्त हवे. जुनं चित्रण वापरलं की खर्च वाचतो, विकताना मात्र तो अख्खा भाग म्हणूनच विकला जातो. मला यात लाज वाटण्यासारखं तेव्हाही काही दिसलं नाही. १९९३ साली तिकडच्या माणसालासुद्धा हुकलेला भाग पाहिजे तेव्हा कुठे बघता येत होता? आपल्याकडे रविवारी सकाळी लाइट गेली की मालिकेत काय झालं ते दुपारी दुसऱ्या गल्लीतल्या माणसाकडून ऐकायचं, आणि तो सांगायचा ते पडद्यापेक्षा रंगायचं.

त्याच दिवशी तू ते नावाचं सांगितलं होतंस. जुन्या तुकड्यांचा तो पहिला भाग जॉन व्हिटी यांनी स्वतःच्या नावानं लिहिला. १९९४च्या सप्टेंबरात दुसरा तसाच भाग आला, तेव्हा त्यांनी 'पेनी वाइज' असं खोटं नाव लावलं. १९९५च्या डिसेंबरात १३८वा भाग आला तेव्हाही तेच, आणि दिग्दर्शक डेव्हिड सिल्व्हरमन झाले 'पाउंड फूलिश'. दमडी वाचवून रुपया घालवणाऱ्यांची इंग्रजी म्हण दोघांनी अर्धी अर्धी वाटून घेतली. तू हसत सांगितलंस, मीही हसलो. परवा तुझा फोन आला नि तेच आठवलं, पण या खेपेला हसू आलं नाही. त्या १३८व्या भागात तर कापून बाजूला ठेवलेली, कुणी न पाहिलेली दृश्यं होती, १९८७ सालच्या पहिल्या छोट्या फिल्मांचे तुकडे होते. कुणीतरी बसून ते हुडकले, निवडले, मागेपुढे लावले. ते काम करणाऱ्यानं नाव का लपवावं?

लहानपणी सप्त्यात तू माझ्या शेजारी टाळ घेऊन बसायचीस. कीर्तनकार महाराज एक अभंग निरूपणाला घेतात, आणि मग दोन तास काय करतात? प्रमाणं देतात. ज्ञानोबांची ओवी, तुकोबांचा एखादा चरण, आणि आपल्या गावात जनाबाईशिवाय तर कीर्तन पुढेच सरकत नाही. सगळं लोकांना तोंडपाठ. महाराजांनी पहिला शब्द उचलला की मागचे टाळकरी चरण पूर्ण करतात. ही शिळी कढी आहे असं म्हणणारा माणूस मला या गावात भेटलेला नाही. पण प्रमाण जागेवर बसलं नाही, उगीच वेळ काढायला घातलं, तर पुढे बसलेल्या म्हाताऱ्यांची मान डोलायची थांबते. त्यांना बरोबर कळतं.

होमरच्या त्या भागात प्रमाण जागेवर बसलंय, कारण तिथं खाट आहे. माणूस निपचित पडलाय, त्याला ऐकू जातंय की नाही कुणालाच ठाऊक नाही, आणि तरी घरचे बोलतायत.

आता जे मला खरं लिहायचं आहे ते. त्या भागात शेवटी बार्ट बापाच्या उशाशी जाऊन कबूल करतो की डबा मीच हलवला होता. तिथं तू लॅपटॉप थांबवलास आणि पाणी प्यायला उठून गेलीस. मी काही विचारलं नाही. मला विचारायची गरज नव्हती.

आबांना नांदेडला नेलं तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस. चार दिवस ते शुद्धीवर नव्हते. बाहेर व्हरांड्यात सतरंजी टाकून आपण सगळे बसलेलो. आत्या सांगत होती की आबांनी गंगेला, म्हणजे आपल्या गोदावरीला, पूर असताना म्हैस पाठीवर घेऊन पलीकडचा काठ गाठला. काका म्हणाले, म्हैस नव्हती, वासरू होतं, आणि गंगा नव्हे, ओढा. त्यावरून दोघांचं उलीसं भांडणसुद्धा झालं आणि मग दोघंही रडले. तिसऱ्या दिवशी तुला आत सोडलं. मी सलाइनची बाटली आणून पडद्यामागे उभा होतो. तू आबांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणालीस, "आबा, चष्मा मी लपवला होता. तुम्ही हुडकत होता म्हणून पडलात ना?"

सोनू, मी ते ऐकलं होतं. मी बाहेर येऊन तुला उचलून घ्यायला हवं होतं. मी बाटली लावली आणि खाली मान घालून निघून गेलो. मला वाटलं, लेकरू विसरून जाईल. इतकी वर्षं तू हे एकटीनं वागवलंस ते दिवाळीत मला दिसलं.

डॉक्टरांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की मेंदूत रक्ताची गाठ झाली होती, झटका आधी आला आणि त्यामुळे ते पडले. चष्मा हुडकताना पाय अडखळला म्हणून नव्हे. तुझा त्यात तिळमात्र दोष नव्हता. हे मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. माझी चूक झाली.

होमर बार्टचं बोलणं ऐकून जागा होतो, नेहमीसारखा त्याचा गळा धरतो. तारीख १६ मे झालेली असते, सात आठवडे गेलेले असतात. आपले आबा उठले नाहीत. पण तू बोललीस ते त्यांच्या कानाशी बोललीस, आणि ते ऐकणारा एक माणूस पडद्यामागे होता.

तू म्हणालीस की तुमच्या भागात नवं फक्त तीन मिनिटांचं आहे, बाकी जुने तुकडे. ती तीन मिनिटं कुणाच्या तोंडी आहेत? तुमच्या मालिकेत ती आजी आहे ना, पापड लाटणारी, तिला आठवू दे की. आणि एखादी आठवण दोघांनी वेगवेगळी सांगितली, म्हैस की वासरू तशी, तर चालेल का ते तुमच्या साहेबांना विचार.

नाव काढायचं सांगितलं आहेस ते सोमवारी मागे घे. पूर्ण नाव दे, आबांचं आडनाव लावून. कोणत्या दिवशी, किती वाजता लागतो ते कळव, म्हणजे आत्याला इकडे बोलावून घेतो.

आईनं धपाटे आणि येसर बांधून ठेवलंय, शेजारचा मुलगा गुरुवारी पुण्याला येतोय त्याच्याकडे देतो. शेतातला हुरडा आणखी पंधरा दिवस मिळेल. जमलं तर ये.

तुझे
बाबा